चड्डी खराब होते ती खोडी नव्हे

मूल पाच-सहा वर्षांचे झाले, शाळेत जाऊ लागले आणि चड्डीत थोडी थोडी पातळ शी होऊ लागली, की घरात पहिला धपाटा पाठीत बसतो. "एवढा घोडा झाला तरी कळत नाही!" कुणी जुलाब समजून दुकानातून जुलाब थांबवायची गोळी आणतात. बंधू-भगिनींनो, आमचे सांगणे असे की आधी विचारा, शेवटची साफ शी कधी झाली? पुष्कळदा उत्तर येते, चार-पाच दिवस झाले. आत टणक गोळा साठलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपतो. आतडे ताणले गेल्यामुळे मुलाला ते कळतच नाही. मग मार कशाबद्दल? आपल्याच घाणीत पडलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतः आंघोळ घातली, ही कथा आपण विहारात ऐकली आहे.

सुरुवात दुखण्यापासून होते. एकदा खडा झाला, जागा चिरली, की मूल धास्तावते. पुढच्या वेळी कळ आली की पाय आवळून, टाचा उंचावून कोपऱ्यात उभे राहते. आईला वाटते जोर करतेय. खरे तर ते दाबून धरत असते. दाबले की आतले पाणी शोषले जाते, खडा आणखी कडक होतो, आणखी दुखते.

त्यात वस्तीतला संडास. सकाळची रांग, दारावर थापा, आत अंधार; मूल तसेच उठून येते. शाळेत दाराला कडी नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे शाळेत मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हवीत. सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यात निम्म्या महिला. कडीचा प्रश्न तिथे मांडायचा. मुख्याध्यापकांच्या दारात हात जोडून उभे राहायचे कारण नाही.

आता औषधाचे. साठलेला गोळा नुसत्या पालेभाजीने निघत नाही. डॉक्टर पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर किंवा लॅक्ट्युलोजचे पातळ औषध वजन पाहून देतात. "सवय लागेल" म्हणून आपण आठ दिवसांत बंद करतो आणि इथेच घात होतो. आतडे पूर्ववत व्हायला महिने लागतात. किमान दोन महिने औषध चालवावे, पुढे डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावे. साबणाची वडी सरकवणे, नाक दाबून एरंडेल पाजणे बंद करा. मूल आणखी घाबरते.

जेवणानंतर आतडे हलते. म्हणून शाळेतून आल्यावर जेवू घालून, संडासात गर्दी नसते तेव्हा पाच-दहा मिनिटे बसवा. झाली नाही तरी रागावू नका. भाकरी, मटकी, पेरू, पपई, भरपूर पाणी द्या. चहा-खारी कमी करा, दिवसभर दुधावर ठेवू नका.

अंगावर पिणाऱ्या, वजन वाढणाऱ्या बाळाला दोन-चार दिवस शी झाली नाही आणि झाली ती मऊ असेल, तर घुटी-मध काही देऊ नये. मात्र नवजात बाळाला ४८ तासांत पहिली काळी शी झाली नाही, पोट फुगले, हिरवी उलटी झाली, किंवा मोठ्या मुलाचे वजन वाढत नसेल, पायांत जोर नसेल, तर घरी थांबू नका. सरकारी रुग्णालयात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.