दवाखान्याला कुलूप, विषाला मोकळे रान

हाताला लावायचे सॅनिटायझर पिऊन वणीत सात माणसे मेली. एप्रिल २०२१ मधली ही घटना. यवतमाळ जिल्ह्यातल्या कोळशाच्या पट्ट्यातले हे गाव आणि मेलेले बहुतेक जण हातावर पोट असलेले. टाळेबंदीत दारूची दुकाने बंद होती म्हणून ते सॅनिटायझर प्यायले, एवढा खुलासा करून प्रशासन मोकळे झाले. ‘बेवडे होते, मेले’ असे म्हणून समाजही मोकळा झाला. आम्ही मोकळे व्हायला तयार नाही. या सात जणांचा बळी सरकारी बेपर्वाईने घेतला, हे आम्ही पूर्ण जबाबदारीने लिहीत आहोत. करोना साथीच्या त्या दोन वर्षांत या देशात घातक रसायने गल्लोगल्ली पोहोचली आणि मनाच्या दुखण्यावरचे औषध मात्र जिल्ह्याच्या हद्दीपलीकडे अडकून पडले. हे दैवाने घडवले नाही. यामागे सही-शिक्क्याचे निर्णय आहेत आणि ते घेणारी माणसे आहेत.

ते निर्णय तारीखवार पाहा. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने सॅनिटायझरला जीवनावश्यक वस्तू ठरवले आणि त्याची किंमत बांधून दिली. ते योग्यच होते. पुढच्या काही आठवड्यांत इराणमधल्या बातम्या जगभर पोहोचल्या. करोनावर उतारा म्हणून मिथेनॉलमिश्रित दारू प्यायल्याने तिथे सातशेहून अधिक माणसे दगावली होती. जूनमध्ये इंटरपोलच्या माहितीवरून सीबीआयने राज्यांना सावध केले की मिथेनॉल घातलेले बनावट सॅनिटायझर बाजारात येत आहे. जुलैच्या सुरुवातीला, पुरवठा आता पुरेसा आहे असे सांगून सरकारनेच सॅनिटायझर जीवनावश्यक यादीतून वगळले. म्हणजे टंचाई संपलेली होती आणि धोका कागदोपत्री नोंदलेला होता. तरीही २७ जुलै २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अधिसूचना काढली आणि सॅनिटायझर विकायला लागणारी औषध परवान्याची अट उठवली. औषधांच्या दुकानातली बाटली किराणा दुकानात आणि पानटपरीवर जायला राजरोस मोकळी झाली. त्याच आठवड्यात आंध्र प्रदेशच्या प्रकाशम जिल्ह्यातल्या कुरिचेडू गावात सॅनिटायझर पिऊन किमान दहा माणसे मेली. कुरिचेडूची बाटली या अधिसूचनेमुळेच विकली गेली, असे आम्ही म्हणत नाही. पण दहा प्रेते समोर असताना ती अधिसूचना दुसऱ्या दिवशी मागे घ्यायला हवी होती. तसे झाले नाही. नऊ महिन्यांनी वणी घडले.

दारूचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकशास्त्र कित्येक दशके सांगत आले आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एका रात्रीत तोडली की त्याचे हात थरथरतात, झोप उडते, झटके येतात, भ्रम होतो, वेळेवर उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. त्यावर औषधे आहेत, ती स्वस्त आहेत आणि साधा एमबीबीएस डॉक्टरही ती देऊ शकतो. मार्च २०२० मध्ये दुकाने बंद होताच केरळात दारू न मिळाल्याने आत्महत्या झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या. त्यावर तिथल्या सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू देण्याचा आदेश काढला आणि उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. तो उपाय चुकीचा होता, पण आपल्या एका आदेशाने हजारो माणसे आजारी पडणार आहेत एवढे तरी त्या सरकारच्या लक्षात आले होते. महाराष्ट्राने वर्षभरानंतर पुन्हा दुकाने बंद केली, तेव्हा वणीच्या किती मजुरांना सांगितले गेले की हात थरथरू लागले तर सरकारी दवाखान्यात या, इथे औषध आहे? दुकानाचे शटर खाली ओढायला पोलीस होते. मग त्या शटरसमोर कापत उभ्या असलेल्या माणसाला दवाखान्यात न्यायला कोणीच का नव्हते?

याच यवतमाळ जिल्ह्यात वणीच्या घटनेच्या तीनच महिने आधी, ३१ जानेवारी २०२१ रोजी, घाटंजी तालुक्यातल्या कापसी कोपरी गावात पाच वर्षांखालील बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, हे नशीब. तीन कर्मचाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. पण लशीच्या टेबलावर लस आणि सॅनिटायझर शेजारी-शेजारी ठेवण्याची वेळ ज्या व्यवस्थेने आणली, तिच्यातल्या वरच्या पायऱ्यांवर बसलेल्यांना कोणी जाब विचारला? दहा महिने साथीच्या कामाला जुंपलेली आणि जादा कामाच्या मोबदल्यासाठी झगडणारी माणसे चुकली की त्यांना निलंबित करणे सोपे असते. विषारी द्रवाची बाटली औषधासारखी दिसता कामा नये, असा दंडक घालणे हे खरे काम होते.

आपल्या घरांत काय चालते तेही बघा. सायकलवर क्रेट बांधून फिनेलवाला गल्लीत येतो. त्याच्याकडे पांढरे फिनेल असते आणि संडास धुवायचे पिवळसर अ‍ॅसिड असते, आणि दोन्ही भरलेले असते पाण्याच्या नाही तर शीतपेयाच्या जुन्या बाटल्यांत. लेबल नाही, बनवणाऱ्याचे नाव नाही, धोक्याचे चिन्ह नाही, मुलांना उघडता येणार नाही असे झाकण नाही. ती बाटली मोरीच्या कट्ट्यावर, रांगत्या मुलाच्या हाताला येईल अशी राहते. साथीत तिच्या शेजारी ब्लीचिंग पावडर आली, हायपोक्लोराइट आले, पाच लिटरचा सॅनिटायझरचा कॅन आला. फवारा, पुसा, धुवा, असा घोष चोवीस तास कानांवर आदळत होता. ब्लीचमध्ये संडासचे अ‍ॅसिड मिसळले तर क्लोरीन वायू सुटतो आणि फुफ्फुसे जाळतो, हे त्याच घोषात किती वेळा सांगितले गेले? सांगणार कोण? बरेलीत ३० मार्च २०२० रोजी गावी परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर हेच हायपोक्लोराइट सरकारी बंबाने फवारले गेले. जंतुनाशक आणि माणूस यांतले अंतर राज्ययंत्रणेलाच कळत नसेल, तर ते घरातल्या बाईला कोण शिकवणार? विषबाधेची माहिती देणारे राष्ट्रीय केंद्र दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून आहे. त्याचा फोन चोवीस तास चालतो आणि फुकट आहे: १८०० ११६ ११७. हा क्रमांक फिनेलच्या किती बाटल्यांवर छापलेला आहे?

आता दवाखान्यांकडे वळू. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये तेव्हा चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. अख्ख्या मराठवाड्यात एकही नव्हते. स्किझोफ्रेनियाचा, बायपोलरचा किंवा तीव्र नैराश्याचा गरीब रुग्ण महिन्याच्या गोळ्यांसाठी एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जातो, तिथल्या खिडकीपुढे रांग लावतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. मार्च २०२० मध्ये ती एसटी थांबली. सामान्य प्रवाशांसाठी आंतरजिल्हा गाड्या सुरू व्हायला २० ऑगस्ट उजाडला. जवळजवळ पाच महिने! बायपोलरच्या रुग्णाची लिथियमची गोळी अचानक बंद झाली की आजार उसळी मारून परत येतो, हे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरलाही ठाऊक असते. मग ते टाळेबंदीच्या आदेशावर सही करणाऱ्यांना कोणी सांगितले नाही, की सांगूनही त्यांनी ऐकले नाही? ई-पास होते, पण ते स्मार्टफोनवाल्यांसाठी. रेशन दुकानात तांदूळ पोहोचवणाऱ्या व्यवस्थेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्यांचे एक पाकीट पोहोचवता आले नाही? ऑक्टोबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले की पाहणीतल्या ९३ टक्के देशांत मानसिक आरोग्यसेवा खंडित झाल्या. जगभर झाले म्हणून आपल्याकडचा गुन्हा हलका होत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी दोन कायदे आहेत. पहिला १८९७ चा साथरोग कायदा. पुण्याच्या प्लेगच्या वर्षी इंग्रजांनी केला. अवघ्या चार कलमांचा. सरकारला काहीही बंद करायची मुभा, न ऐकणाऱ्याला शिक्षा आणि सद्हेतूने वागणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टापासून अभय. रयतेला त्यात एकही हक्क नाही. दुसरा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, स्वतंत्र भारताच्या संसदेने केलेला आणि २९ मे २०१८ पासून लागू झालेला. त्याचे अठरावे कलम प्रत्येक माणसाला मानसिक आरोग्यसेवेचा हक्क देते. जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या सेवेकडच्या उपचारांचा खर्च सरकारने भरावा, असे सांगते. एकोणतिसावे कलम आत्महत्या कमी करण्याचे कार्यक्रम आखणे हे सरकारचे कर्तव्य ठरवते. कलम ११५ सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानावे आणि त्याची काळजी, उपचार, पुनर्वसन सरकारने करावे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने कपाटातून १८९७ चा कायदा काढला, त्याच्या बळावर लाखाहून अधिक गुन्हे नोंदवले आणि २०१७ चा कायदा कपाटातच ठेवला. ज्या कायद्याने रयतेला धाक बसतो तो हाती घेतला. ज्याने सरकारवर बंधन येते त्याकडे पाठ फिरवली. आमचा मुख्य आरोप हाच आहे.

त्याचा हिशेब राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत छापलेला आहे. देशात २०१९ मध्ये १,३९,१२३ आत्महत्या नोंदल्या गेल्या, २०२० मध्ये १,५३,०५२ आणि २०२१ मध्ये १,६४,०३३. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर: २०२० मध्ये १९,९०९, २०२१ मध्ये २२,२०७. साथीच्या दोन्ही वर्षांत अशा दर चार मृत्यूंपैकी साधारण एक विषाने झाला. २०२१ मध्ये मेलेल्यांत ४२,००४ रोजंदारीवरचे मजूर होते. कारणांच्या रकान्यात सर्वांत मोठा आकडा ‘कौटुंबिक समस्या’ या नावाखाली पडतो. कामधंदा गेलेला नवरा, भाडे थकलेली खोली, पाच महिने गोळ्या न मिळालेला भाऊ, हे सगळे त्या दोन शब्दांत पुरले जाते. घरच्यांच्या माथी दोष येतो आणि राज्यकर्ते सुटतात.

विष प्यायलेला रुग्ण सरकारी रुग्णालयात आला की काय होते, ते कॅज्युअल्टीच्या दारात उभे राहून पाहावे. नळी घालून पोट धुतात, सलाईन लावतात, पोलीस येऊन जबाब घेतो, केसपेपरवर एमएलसीचा, म्हणजे मेडिको-लीगल केसचा, शिक्का बसतो. नातेवाईक हात जोडून सांगतात, ‘साहेब, चुकून प्यायला, असंच लिहा.’ रुग्ण वाचला तर चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला घरी सोडतात. त्या दिवसांत कितीदा त्याच्या खाटेशी मानसोपचारतज्ज्ञ येतो? घरी गेल्यावर पंधरा दिवसांनी त्याची विचारपूस कोण करतो? शरीरातले विष उतरवायला डॉक्टर जिवाचे रान करतात. पण ज्या यातनेने त्याला त्या बाटलीपर्यंत नेले, तिला हातही न लावता रुग्णाला पुन्हा त्याच घरात, त्याच बाटलीशेजारी पाठवले जाते.

साथच अभूतपूर्व होती, सरकार तरी काय करणार, असे सांगितले जाईल. हा बचाव आम्ही फेटाळतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्येच दाखवले होते की सामान्य मानसिक आजार असलेल्या दर शंभरांपैकी ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नाहीत. त्यानंतर साथ आली, लोक खचले. आणि २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात आरोग्य खात्याच्या सुमारे ७१ हजार कोटींतून राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला मिळाले ४० कोटी. आदल्या वर्षीही चाळीसच. भारतातल्या माणसामागे वर्षाला तीस पैसेसुद्धा नाहीत. चौदा-चार-सोळा या क्रमांकाची टेलि-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, साथ ओसरल्यावर. सेवा चांगली आहे, ज्याला गरज असेल त्याने १४४१६ वर जरूर फोन करावा. पण फोनवरचा आवाज गोळी देऊ शकत नाही आणि खाटही देऊ शकत नाही. आणि विषावर काही करता येत नाही, हेही खोटे आहे. श्रीलंकेने घातक कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि दोन दशकांत तिथल्या आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी खाली आले. आपल्यापेक्षा लहान आणि युद्धाने पोळलेल्या देशाला जमले ते महाराष्ट्राला जमत नसेल, तर करण्याची इच्छा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. घरगुती घातक रसायन खाण्यापिण्याच्या बाटलीत भरून विकणे हा गुन्हा ठरवा आणि विकणाऱ्या गरिबाआधी बनवणाऱ्याला पकडा. अशा प्रत्येक बाटलीवर मराठीत धोक्याची सूचना, विषबाधा केंद्राचा क्रमांक आणि मुलांना उघडता न येणारे झाकण सक्तीचे करा. सॅनिटायझरच्या विक्रीला परवाना लागू असला पाहिजे. विषबाधेचा एकही रुग्ण मानसिक आरोग्य तपासणीशिवाय घरी सोडू नका आणि नंतर आशाताईंमार्फत त्याची विचारपूस करा, त्या कामाचे पैसे आशाताईंना देऊन. मनोविकाराची नेहमीची औषधे आणि दारू सोडताना लागणारी औषधे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवा. पुढच्या साथीत दारूचे दुकान बंद करण्याचा आदेश निघेल, त्याच आदेशात व्यसनी माणसाच्या उपचारांचा परिच्छेद असला पाहिजे.

२०१७ च्या कायद्याने पुरेसे मानसिक आरोग्य कर्मचारी उभे करण्यासाठी सरकारला दहा वर्षांची मुदत दिली आहे. ती मे २०२८ मध्ये संपते. तोपर्यंत प्रत्येक जिल्ह्यात किती मानसोपचारतज्ज्ञ, किती परिचारिका, किती समुपदेशक नेमले, याचा जिल्हावार तक्ता सरकारने विधिमंडळाच्या प्रत्येक अधिवेशनात मांडावा. आमदारांनी तो मागावा. जो मागणार नाही, त्याला मतदारांनी गावाच्या चावडीवर उभे करून विचारावे की वणीच्या सात माणसांसाठी तू सभागृहात किती वेळा तोंड उघडलेस. आणि उत्तर शून्य असेल, तर त्या माणसाला पुन्हा सभागृहाची पायरी चढू देऊ नये.