समुद्रविज्ञानाच्या जागा आणि भिवंडीची मुले

भिवंडीत बारावी सायन्स झालेल्या मुलाला पुढे काय करणार असे विचारले की तीनच उत्तरे येतात. मार्क चांगले असतील तर इंजिनिअरिंग, बेताचे असतील तर डी.फार्म., आणि घरची ओढाताण असेल तर मानकोली-दापोड्याच्या गोदामात पॅकिंग. समुद्राचा अभ्यास हे उत्तर आम्ही अजून ऐकलेले नाही. कशेळीच्या पुलावरून आपली माणसे रोज ठाण्याला जातात, खाली खाडी असते, पण ती शिकण्याचा विषय आहे हे कोणी सांगतच नाही.

खाडीशी कष्टकऱ्यांचा संबंध घामाचा आहे. डुबी मारून रेती काढायची, बार्जवर राबायचे. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या समुद्रात पी-३०५ बार्ज आणि वरप्रदा टग बुडाले, ८० हून अधिक माणसे गेली. वादळाचा इशारा हवामान खात्याने आधीच दिलेला होता. इशारा तयार करणारा एका टोकाला आणि तो न पोहोचलेला मजूर दुसऱ्या टोकाला. मजुराच्या पोराने त्या पहिल्या टोकाला जाऊन बसावे, असे आम्हाला वाटते.

ज्यांनी समुद्रप्रवासाला कलिवर्ज्य ठरवले त्यांच्या शास्त्राला आपण बांधलेलो नाही. कल्याण आणि सोपारा ही आपल्या शेजारची बंदरे. तेथल्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या लेण्यांत कोरलेली आहेत. बाबासाहेबही १९१३ च्या जूनमध्ये मुंबईहून बोटीनेच अमेरिकेला गेले, बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. १९८३ च्या अंटार्क्टिका मोहिमेत गेलेल्या डॉ. अदिती पंत या नागपुरात जन्मलेल्या, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ. त्या औंधच्या राजघराण्यातल्या. शिष्यवृत्ती त्यांनाही लागलीच. पण असा विषय जगात आहे हे राजाच्या घरात ठाऊक होते, यंत्रमागाच्या खोलीत ठाऊक नसते. फरक इथेच पडतो.

आणि हा विषय चैनीचा नाही. पालघरच्या वाढवण बंदराला केंद्राने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७६,२२० कोटी. माशांचे काय होईल, किनारा कुठे खचेल, तिवरे राहतील का, हे ठरते अहवालांवर. ते अहवाल समुद्रशास्त्रज्ञ लिहितात. आम्ही वकील कितीही घसा ताणला तरी शेवटी त्या आकड्यांपुढे थांबावे लागते.

वाट कोणती? बारावीनंतर रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. चार वर्षांची बी.एफ.एससी., सीईटीतून प्रवेश. ही पदवी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातील पदांना चालते, बँकांच्या कृषी अधिकारी परीक्षेलाही चालते, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत आहे. पुढे एम.एफ.एससी.साठी वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था, १९६१ ची, १९८९ पासून अभिमत विद्यापीठ. लोकलने जाण्याइतकी जवळ! दुसरी वाट साध्या बी.एससी.ची: भौतिक, रसायन, प्राणिशास्त्र, भूगर्भशास्त्र काहीही घ्या आणि गोवा किंवा कोचीन विद्यापीठात एम.एससी. करा. नंतर नेट, पीएच.डी., गोव्याची समुद्रविज्ञान संस्था, किंवा त्सुनामीचा इशारा आणि मासळीचे पट्टे सांगणारी हैदराबादची इन्कॉइस.

खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. पीएच.डी.पर्यंतची वाट लांब आहे, अनेकांना आधी प्रकल्पांवर मुदतीच्या नेमणुकीत काढावी लागतात. ४५ दिवस वा अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांतही आरक्षण पाळावे, असे केंद्राचे आदेश आहेत. ते पाळले जातात का हे माहिती अधिकारात विचारत राहावे लागेल. मर्चंट नेव्ही हे वेगळे प्रकरण. समुद्रविज्ञान म्हणून जहाजावरची नोकरी विकणाऱ्या एजंटाला लाखभर देण्याआधी चार ठिकाणी चौकशी करा.

आता कायद्याची गोम. मर्री चंद्रशेखर राव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये सांगितले की एका राज्यातील अनुसूचित दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत जात नाही. म्हणजे गोव्याच्या किंवा केरळच्या विद्यापीठात त्या राज्याच्या राखीव जागेवर महाराष्ट्राचा दाखला चालणार नाही. केंद्रीय संस्थांत मात्र १५ टक्के जागा देशभरच्या अनुसूचित जातींना आहेत, म्हणून वर्सोव्याचे महत्त्व. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती परराज्यात शिकतानाही मिळते, ती विद्यार्थ्याच्या मूळ राज्याने द्यायची असते. 'तिकडेच विचारा' असे कोणी म्हटले तर ते उत्तर लेखी मागा.

बौद्धांना अनुसूचित जातीच्या केंद्रीय सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या, परंतु केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर यादीतील मूळ जातीचे नाव लागते. नुसते 'बौद्ध' लिहिलेला कागद ऐन मुलाखतीत परत येतो. तेव्हा अकरावीचा प्रवेश झाला की त्याच महिन्यात प्रांत कार्यालयात केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यासाठी अर्ज टाका आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.