भूगर्भाची मोजणी आणि सोमलाचा वारसा

कॅनडाच्या वायव्य प्रदेशाची राजधानी यलोनाइफ हे शहर ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या उत्तर काठी, 62 अंशांच्याही पलीकडच्या अक्षांशावर वसलेले आहे, आणि खनिजांच्या शोधाने मनुष्याच्या ओंजळीत काय टाकले व त्याच्या माथी काय मारले, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी पाहावयाच्या असतील तर याहून योग्य स्थळ क्वचितच सापडेल. शहराच्या ईशान्येस सुमारे 300 किलोमीटरांवर, जेथे वृक्षांची रेषा संपून उघडे माळरान सुरू होते, तेथे हिऱ्यांच्या खाणी आहेत; आणि शहराच्या वेशीवरच, जायंट नावाच्या बंद पडलेल्या सोन्याच्या खाणीच्या पोटात, 2,37,000 टन सोमल साठलेला आहे. हिऱ्यांच्या शोधामागे भूविज्ञानाचा विजय आहे, तर सोमलाच्या साठ्यामागे त्याच विज्ञानाला अर्ध्या वाटेवर थांबवल्याचा दोष आहे. भूगर्भाचे संशोधन हे राज्याचे कर्तव्य आहे, हे मला मान्य आहे; परंतु जे राज्य धन कोठे आहे एवढेच शोधते आणि ते काढल्यावर मागे काय उरेल याचा शोध घेत नाही, त्याने ते कर्तव्य अर्धेच बजावले, असे माझे स्पष्ट मत आहे.

या मुलुखाची प्राचीनता कल्पनेला थक्क करणारी आहे. यलोनाइफच्या उत्तरेस अकास्टा नदीकाठी जो पट्टितखडक उघडा पडला आहे, त्याचे वय सुमारे 403 कोटी वर्षे ठरवण्यात आले असून, भूतलावरील ज्ञात खडकांत त्याची गणना अतिप्राचीन म्हणून होते. अशा पुरातन भूखंडांची मुळे फार खोल व तुलनेने थंड असतात, आणि प्रचंड दाबाखाली हिरा घडावयास व टिकावयास अशीच जागा लागते. तेथून किंबरलाइट नावाचा शिलारस नळीसारख्या वाटांनी उसळून वर आला, तेव्हा त्याने येताना काही हिरे बरोबर आणले. पुढे हिमयुगांतील बर्फाच्या जाड थरांनी या नळ्यांची मृदू माथी कोरून काढली, तेथे पाणी साचून तळी झाली, आणि खरवडलेला माल बर्फाने शेकडो किलोमीटर दूर नेऊन पसरला.

चार्ल्स फिप्की आणि स्ट्युअर्ट ब्लसन या दोघा भूवैज्ञानिकांनी हीच खूण हेरली. हिऱ्याबरोबर वर येणारे विशिष्ट रासायनिक घडणीचे गार्नेटचे कण आणि हिरवे क्रोम-डायॉप्साइड यांचा माग त्यांनी मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यापासून धरला, बर्फ ज्या दिशेने वाहत आला होता तिच्या उलट दिशेने, वाळूचे नमुने चाळीत आणि सूक्ष्मदर्शकाखाली कण निवडीत, ते वर्षानुवर्षे पूर्वेकडे सरकत राहिले, आणि 1991 साली लाक द ग्रा या सरोवराच्या परिसरातील एका तळ्याखाली हिरे असलेली नळी सापडल्याची घोषणा झाली. 1998 मध्ये एकाटी आणि 2003 मध्ये दियाविक या खाणी सुरू झाल्या. त्यांचे इंधन आणि अवजड सामान दरवर्षी हिवाळ्यात, गोठलेल्या सरोवरांवरून काढलेल्या व जेमतेम दोन महिने टिकणाऱ्या बर्फाच्या रस्त्याने जाते.

या पराक्रमाचे श्रेय व्यक्तींचे आहे यात शंका नाही. तथापि ब्लसन हे पूर्वी कॅनडाच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीस होते, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. ते खाते 1842 साली विल्यम लोगन यांच्या हाताखाली स्थापन झाले, म्हणजे आजचे कॅनडा हे राष्ट्र जन्मास येण्यापूर्वीच. बर्फ कोणत्या दिशेने वाहिला, कोणता खडक कोठे उघडा आहे, चुंबकीय मोजणीत कोठे विकृती दिसते, याच्या नोंदी अशा खात्यांच्या दप्तरांत सार्वजनिक खर्चाने जमा होतात, आणि कोणाही संशोधकाला त्या पाहता येतात. 2008 साली कॅनडा सरकारने उत्तरेकडील प्रदेशाच्या भूनकाशांसाठी मोठी योजना हाती घेतली, तिचा हेतूही हाच होता. जमीनमहसुलासाठी शेतांची मोजणी करणे हे जसे सरकारचे काम, तसेच भूगर्भाची मोजणी करून तिची नोंद सर्वांसाठी खुली ठेवणे हेही सरकारचेच काम होय. कारण ज्या ज्ञानावर लोकांच्या मालकीच्या धनाचे मूल्य ठरते, ते ज्ञान केवळ मक्तेदाराच्या तिजोरीत राहिले तर सौदा बरोबरीचा होत नाही.

परंतु जायंट खाणीची कैफियत ऐकल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. 1948 मध्ये तेथे सोन्याची पहिली वीट ओतली गेली. तेथील सोने सोमलयुक्त खनिजात अडकलेले असल्यामुळे धातुक भाजावे लागे, आणि त्या भट्टीच्या धुरातून विषारी धूळ बाहेर पडे. आरंभीच्या वर्षांत ती दररोज टनावारी हवेत सोडली गेली व बर्फावर बसली; पिण्यासाठी तोच बर्फ वितळवणाऱ्या डेने लोकांच्या वस्तीत 1951 साली एक बालक विषबाधेने मरण पावले. त्यानंतर धूळ पकडून जमिनीखालच्या कोठारांत भरण्याचा क्रम सुरू झाला. सभोवतालची नित्यगोठलेली भूमी त्या कोठारांना पुन्हा वेढून घेईल आणि विष कायमचे बंदिस्त राहील, असा त्या काळचा अदमास होता. प्रत्यक्षात खोदकामामुळे ती भूमीच वितळत गेली. 1999 मध्ये मालक कंपनी दिवाळखोर झाली आणि सोमलाचा वारसा सरकारी खजिन्याकडे आला. आता उष्णता बाहेर ओढून घेणाऱ्या नळ्या पुरून ती कोठारे गोठवावयाची आणि गोठलेलीच ठेवावयाची, असा मार्ग पत्करण्यात आला आहे. या पुनर्वसनाचा खर्च 2022 मध्ये 438 कोटी कॅनेडियन डॉलर अंदाजण्यात आला. सोमल पाण्यात विरघळतो आणि काळाने निर्विष होत नाही. म्हणून या राखणीला अंत नाही.

विचार करण्याजोगी गोष्ट ही, की त्या खाणीत टनामागे सोने किती याचा हिशेब ग्रॅमपर्यंत ठेवला जात होता, आणि ज्या गोठलेल्या भूमीच्या भरवशावर विष साठवले तिच्या स्वभावाचा अभ्यास मात्र त्या तोलाने झालाच नाही.

त्या अनुभवातून कॅनडा काहीच शिकला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एकाटी खाणीवर देखरेख करण्यासाठी 1997 सालीच स्वतंत्र मंडळ नेमले गेले, पुनर्भरणीसाठी कंपन्यांकडून तारण घेण्याची पद्धत रुजली, आणि मूळनिवासी समाजांशी झालेल्या करारांमुळे त्यांच्या तरुणांना खाणींत नोकऱ्या व कंत्राटे मिळाली. ज्या मुलखात उपजीविकेची इतर साधने थोडी, तेथे या लाभाला दूर बसून क्षुल्लक लेखणे हा उद्धटपणा ठरेल. मात्र दियाविकच्या उत्पादनाची अखेर 2026 साली ठरवण्यात आली, म्हणजे या खाणीचे आयुष्य एका पिढीचेही नव्हे. दरम्यान त्याच माळरानावर चरणाऱ्या बॅथर्स्ट कॅरिबूंच्या कळपाची संख्या 1986 मधील सुमारे 4,70,000 वरून 2018 मध्ये 8,200 च्या आसपास आली. या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत आणि तो एकट्या खाणींच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. पण खाणी येण्यापूर्वीच्या नोंदी जितक्या अपुऱ्या, तितका कारणांचा निवाडा अवघड, हे तर उघड आहे.

म्हणून माझी मागणी अशी, की उत्तरेच्या या संशोधनावर सरकार जो पैसा खर्च करते, त्यातच पाणी, नित्यगोठलेली भूमी, मासे आणि प्राण्यांचे मार्ग यांच्या मोजणीचा समावेश असावा, ती मोजणी खाणपट्टा देण्यापूर्वी पुरी व्हावी, आणि पुनर्भरणीच्या संपूर्ण खर्चाचे तारण पहिली कुदळ पडण्यापूर्वी जमा व्हावे. त्या दप्तरात तेथील रहिवाशांच्या ज्ञानालाही मानाचे पान हवे. एकाटी हे नाव त्लिचो लोकांच्या भाषेतले असून त्याचा अर्थ चरबीचे सरोवर असा आहे, आणि फ्रेंच नाव लाक द ग्रा याचाही अर्थ तोच. म्हणजे परक्यांनी नकाशा काढला तेव्हा त्या भूमीला वाचणारे लोक तेथे आधीपासून होते, आणि त्यांचीच खूण नकाशावर उतरली.

हा प्रश्न आपल्यापासून दूर आहे, असे महाराष्ट्राने व गोव्याने समजू नये. जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात आणि त्यांचा व्यापार मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात चालतो. उत्तर ध्रुवाकडच्या खाणीचे आयुष्य आपल्या कारागिरांच्या चुलीशी जोडलेले आहे. गोव्यात तर सर्वोच्च न्यायालयाला 2012 मध्ये लोहखनिजाच्या खाणी थांबवाव्या लागल्या, 2014 मध्ये विक्रीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा पुढील पिढ्यांच्या कायम निधीत टाकण्याचा हुकूम द्यावा लागला, आणि 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द करावे लागले. जे प्रशासनाने आरंभी करावयाचे, ते न्यायालयाला अखेरीस करावे लागले. गडचिरोलीच्या सूरजागडच्या डोंगरात आज जे खनिज निघत आहे, त्याच्याबाबतीत तरी हा क्रम उलटावा.

यलोनाइफमध्ये सध्या एका विलक्षण प्रश्नाची चर्चा चालते: शेकडो वर्षांनंतर, जेव्हा आजची भाषा कदाचित कोणाला कळणार नाही, तेव्हा येथे खाली विष आहे हे त्या माणसांना कसे सांगावे? ज्या खाणीतून सोने निघाले अवघी 56 वर्षे, तिच्यासाठी हा निरोप कायमचा लिहून ठेवावा लागणार आहे. पुढच्या खाणपट्ट्यावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याने लेखणी उचलण्यापूर्वी हा निरोप एकदा स्वतः लिहून पाहावा; आणि तो लिहिण्याइतकी माहिती आपल्या दप्तरात नाही असे त्याला आढळले, तर त्या दिवशी सही करू नये.