भाडं दिलं म्हणजे गल्ली आपली झाली?

धारवाडच्या सप्तापूरमध्ये खोली घेतली की झोपेला रामराम! इकडे कर्नाटक कॉलेज, पुढे विद्यापीठ. मधे खानावळी, क्लासेस, गाड्या, वाढदिवसाचे फटाके. मजा येते, खरंच. पण खालच्या मजल्यावरच्या अज्जींचं काय? परवा जिन्यात त्यांनी मायेनं विचारलं, "ऊटा आतेनप्पा?" मी नुसती मान हलवून वर पळालो.

जी. ए. कुलकर्णी याच गावात इंग्रजी शिकवत, कन्नड शेजारात राहून मराठी कथा लिहीत राहिले. आपल्याला तीन वर्षांत दोन कन्नड वाक्यंही जमू नयेत? भाडं खोलीचं असतं, गल्लीचं नाही. रात्री दहानंतर आवाज कमी करूया. आणि जेवण झालं का, हे अज्जींना आपणच आधी विचारूया. कन्नडमध्ये!