सह्यांनी कुणी देव होत नाही

‘325 साली नायसियात सम्राट कॉन्स्टन्टाईनने बिशप जमवले, मतदान घेतलं आणि येशू देव झाला.’ दीड मिनिटाच्या व्हिडिओत ही गोष्ट छान मावते. 2003 सालच्या ‘द दा विंची कोड’ कादंबरीने ती घरोघरी पोचवली. चर्चची लबाडी पकडल्याचं समाधानही मिळतं. अडचण एकच: ती खोटी आहे.

नायसियाच्या दोनशे वर्षं आधी, साधारण 112 साली, धाकटा प्लिनी हा रोमन अधिकारी सम्राट ट्राजनला कळवतो की हे लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात. प्लिनी भक्त नव्हता, तो या लोकांना शिक्षा देत होता. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र तर त्याहून जुनं. त्यातही ख्रिस्त देवाच्या स्वरूपाचा आहे.

मग नायसियात भांडण कशाचं होतं? अलेक्झांड्रियाचा आरियसही पुत्राला देव म्हणायचा. मात्र पित्याने निर्माण केलेला. त्याच्याकडे वचनं होती. नीतिसूत्रे 8:22 मध्ये ज्ञान स्वतः बोलतं, आणि हे ज्ञान म्हणजे ख्रिस्त, हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. ग्रीक भाषांतरात तिथे ‘निर्माण केलं’ असं क्रियापद आहे. मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ ‘मिळवलं’ असाही होतो. योहान 14:28 मध्ये येशू पित्याला आपल्याहून थोर म्हणतो. पण योहान 1:1 मध्ये शब्द देव आहे. अथानासियसचा सवाल साधा होता: पुत्रही निर्मितीच असेल, तर त्याची उपासना ही मूर्तिपूजा नाही का? आणि एक निर्मिती दुसऱ्या निर्मितीला देवाशी कशी जोडणार?

इथे ‘बायबलमध्ये स्पष्ट लिहिलंय’ म्हणणाऱ्या भाविकांनीही थांबावं. नायसियाच्या मतांगीकारातला कळीचा शब्द ‘होमोऊसिओस’, म्हणजे पित्याशी एकाच तत्त्वाचा, बायबलमध्ये कुठेच नाही. तो बाहेरून आणावा लागला, कारण शास्त्रातलं प्रत्येक वचन आरियसचे लोक आपल्या अर्थाने वाचू शकत होते.

सम्राटाचा दबाव होता, नकार देणारे हद्दपारही झाले. पण हुकमाने प्रश्न मिटला नाही. त्याच कॉन्स्टन्टाईनने पुढे आरियसला परत बोलावलं, अथानासियसला हद्दपार केलं आणि 337 साली मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो आरियसची बाजू घेणाऱ्या बिशपाकडून. अथानासियस एकूण पाच वेळा हद्दपार झाला. वाद 381 पर्यंत चालला.

तुम्ही हा देव माना किंवा मानू नका. पण क्रुसावर देव स्वतः आला की त्याने आपला दूत पाठवला, या प्रश्नासाठी माणसांनी आयुष्यं घालवली. त्यांना मतपेटीतली प्यादी ठरवण्याआधी त्यांनी वाचलेली ती चार वचनं एकदा शेजारी ठेवून वाचा.