मुलांना डिप्रेशनबद्दल नेमकं काय माहीत आहे?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणाऱ्या सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यातली एक. अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या बहुतेक शाळा, कॉलेजं आणि मोठे कोचिंग क्लास यात येतात.

समुपदेशक नेमला, तरी मूल त्याच्याकडे जाईल का? आपल्याला होतोय तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, हे माहीत असेल तरच जाईल. म्हणूनच मुलांची ही माहिती मोजणं महत्त्वाचं आहे.

दोन प्रश्नावल्या, दोन कामं

'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली गेल्या दोन आठवड्यांतली लक्षणं विचारते. तिच्यावरून डिप्रेशनची शक्यता कळते. निदान मात्र डॉक्टरच करतात. दुसऱ्या प्रकारची प्रश्नावली फक्त माहिती तपासते. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स संस्थेने किशोरवयीन मुलांसाठी अशी एक प्रश्नावली तयार केली आहे.

अशी प्रश्नावली मराठीत आणताना नुसतं भाषांतर पुरत नाही. आपल्याकडे पेपर अवघड गेला तरी मुलं 'डिप्रेशन आलं' म्हणतात. खरा आजार असतो तेव्हा मात्र 'टेन्शन आहे', 'कंटाळा आलाय', 'डोकं दुखतंय' एवढंच बोलतात. शिवाय उपनगरातल्या एकाच वर्गात मराठी, गुजराती आणि हिंदी बोलणारी मुलं असतात. प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना सारखाच लागतो का, हे आधी तपासावं लागतं.

घरी बोलून पाहा

परीक्षा घेतल्यासारखं नको. 'तुला काय वाटतं?' असं विचारा.

- डिप्रेशन म्हणजे मनाचा कमकुवतपणा? नाही, तो आजार आहे.
- डिप्रेशन असलेलं मूल रडतंच? नाही. या वयात चिडचिड, मित्रांना टाळणं, झोप बिघडणं, मार्क घसरणं ही लक्षणं जास्त दिसू शकतात.
- आत्महत्येबद्दल विचारलं तर तो विचार डोक्यात येतो? नाही. विचारल्याने मूल मोकळं होऊ शकतं.
- मित्राने मरणाबद्दल बोलून 'कुणाला सांगू नकोस' म्हटलं तर? मोठ्यांना सांगायचंच.

उत्तरं चुकली तर रागावू नका. अनेकदा हे गैरसमज मुलांनी आपल्याच घरात ऐकलेले असतात.

मदत कुठे मिळेल?

अशी लक्षणं दोन आठवडे जवळपास रोज दिसत असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. महापालिकेच्या विलेपार्ल्याच्या कूपर आणि शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात हा विभाग आहे. 'टेलि-मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं, मराठीतूनही. मरणाचं बोलणं कानावर आलं, तर दोन आठवडे थांबू नका. मुलाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.