राती येजो

चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, जिवती तालुक्याच्या डोंगरावर, चौदा गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघंही हक्क सांगतात. तिथल्या माणसांकडे दोन्ही राज्यांची रेशन कार्डं आहेत, दोन्हीकडच्या मतदार यादीत नावं आहेत. महाराजगुड्यातल्या एका घराची बातमी २०२२ च्या डिसेंबरात सगळीकडे झाली होती. त्या घराच्या चार खोल्या महाराष्ट्रात आणि चार तेलंगणात. निवडणूक आली की दोन्ही बाजूंचे पुढारी डोंगर चढतात आणि ही माणसं आमची म्हणतात. ती बातमी मी हैदराबादेत वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. मी त्याच जंगलपट्टीत जन्मले. माझ्यावर मात्र माझ्या राज्याने कधी असा हक्क सांगितला नाही.

माझं गाव गडचिरोली जिल्ह्यात, कुरखेडा तालुक्यात. मी ट्रान्सजेंडर स्त्री आहे. केंद्राचा २०१९ चा तृतीयपंथी हक्क संरक्षण कायदा १० जानेवारी २०२० ला लागू झाला आणि त्याच वर्षी त्याचे नियम आले. जिल्हाधिकाऱ्याने शपथपत्रावर ओळखपत्र द्यायचं, शरीराची तपासणी करायची नाही, असं त्या नियमांत लिहिलं होतं. ते वाचून मी रडले होते, खरंच. अट एवढीच होती की अर्ज करणारी व्यक्ती त्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असली पाहिजे. गडचिरोलीत सलग बारा महिने मी राहू शकले असते, तर हैदराबाद गाठलंच कशाला असतं? शेवटी अर्ज इकडे केला. आज माझ्या ओळखपत्रावर मी जी आहे तीच असल्याचं सरकारी शिक्क्यानिशी लिहिलंय, आणि सही तेलंगणातल्या जिल्हाधिकाऱ्याची आहे. जन्माचा दाखला, शाळेची टीसी, दहावीची गुणपत्रिका महाराष्ट्राची. त्या कागदांवर नाव दुसरं, लिंग दुसरं. महाराष्ट्र ज्याला ओळखतो तो मुलगा मी नव्हते, आणि मी जी आहे तिला महाराष्ट्र ओळखत नाही.

घर सोडलं त्याची कथा माझ्यासारख्या कुणाकडूनही ऐकाल तशीच आहे. वर्गातली पोरं, वाटेवरची टोमणेबाजी, ‘बायल्या’ म्हणून मारलेल्या हाका, एका गुरुजींनी सगळ्या वर्गासमोर चालून दाखवायला लावलं तो दिवस. त्यात मी रमणार नाही. मला आठवतो तो मे महिना. पहाटे चारला मायसोबत जंगलात जायचं, उन्हं तापायच्या आत तेंदूची पानं तोडायची, दुपारी ओसरीवर बसून पुडके बांधायचे. सत्तर पानांचा एक पुडका. पस्तीस पानं एका बाजूला, पस्तीस दुसऱ्या बाजूला, देठ सारखे जुळवून सालीच्या दोरीची गाठ मारायची. माझा हात चपळ होता. शेजारच्या बाया मायला म्हणायच्या, तुझ्या पोराचा हात पोरीसारखा चालते. माय तेव्हा हसायची. ते बोलणं तिला टोचायला लागलं ते फार पुढे.

आता तिचा फोन येतो. भाताची रोवणी झाली का, मोह किती वेचला, गाय व्याली का, सगळं सांगून होतं. मग मी विचारते, मी येऊ का? ती थोडा वेळ गप्प राहते आणि म्हणते, “राती येजो, सकारच्या गाडीनं जाजो. लोकं का म्हनतीन?” मी जातेही. बल्लारशाहला उतरून गोंदियाची गाडी धरते, वडशाला उतरते, अंधार पडल्यावर पुढची वाट धरते. माय जागी असते. भात गरम असतो. ती माझ्या हातातल्या बांगड्यांवरून बोट फिरवते आणि विचारते, हैदराबादेत अशा कितीला भेटतात? तिचं माझ्यावर प्रेम आहे, याबद्दल मला कधीही शंका आली नाही. ती भिते ती उजेडाला.

आणि रात्रीचं म्हणाल तर आमच्या या जंगलभागात, झाडीपट्टीत, रात्री काय काय चालतं! दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते, दंडारींचे खेळ उभे राहतात, वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या जिल्हाभर पळू लागतात. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची छाती फुगली होती. नाटकात आता बायकांची कामं बाया करतात. दंडारीत आणि खडी गंमत या लोककलेत मात्र पुरुषानंच लुगडं नेसायचं, ही रीत अजून टिकून आहे. लहानपणी आमच्या गावच्या दंडारीत तयारीच्या खोलीत कंदील धरायला मला बसवत. एक काका होते, दिवसा शेतात राबणारे, रापलेल्या हाताचे. आधी दाढी गुळगुळीत करायचे, मग तोंडाला पांढरा रंग, त्यावर लाली, डोळ्यांत काजळाची जाड रेघ. नऊवारीचा काष्टा मारताना ते श्वास रोखून धरत. पाटलीची घडी बसली की आरशात न बघताच त्यांना कळायचं. घुंगरू बांधून ते उभे राहिले की खोलीतलं सगळ्यांचं बोलणं थांबायचं. बाहेर गावातले म्हातारे दहा-दहाच्या नोटा काढून बसलेले असत. बाया कौतुकाने म्हणायच्या, काय साजते!

ते काका तृतीयपंथी नव्हते. त्यांचं काम कलेचं होतं आणि ते मन लावून करत. कलावंत आणि मी यांच्यात मी गल्लत करत नाही, कुणी करूही नये. पण पहाटे लुगडं उतरवून ते पुन्हा शेतावर जाऊ शकत होते, हाच आमच्यातला फरक गावाला चालत होता. पुरुषाच्या अंगावरची साडी माझ्या गावाच्या डोळ्यांत भरते, ती सकाळपर्यंत उतरणार याची खात्री असेल तर. मी उतरवणार नव्हते.

गाव सोडल्याचा हिशेब सरकारी कागदांत नंतर कळतो. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्राला पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. घरातून हाकललेलं किंवा पळालेलं पोर पंधरा वर्षांचं वीज बिल कुठून आणेल? आदिवासी पोरांचं तर आणखी कठीण. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीपासूनचं वास्तव्य दाखवायचं आणि वैधतेसाठी वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने दाखले, वंशावळ, सगळं जोडायचं. माझ्या ओळखीची एटापल्ली तालुक्यातली एक माडिया पोरगी आहे, बारावीत चांगले गुण मिळवलेली. तिच्या काकाच्या घरी पेटीत सगळे कागद आहेत. काका म्हणतो, आधी केस काप, मग देतो. आरक्षण कायद्यात आहे, संविधानात आहे, आणि ते त्या पेटीत कुलूपबंद आहे. ती पोरगी आज बल्लारशाहच्या पुढे रेल्वेत टाळ्या वाजवून पैसे मागते. डब्यातले लोक तोंड फिरवतात, तेव्हा हिच्या हातात पदवी का नाही, असा प्रश्न त्यांना पडत नसेल. मला रोज पडतो.

माझं मतदान कार्ड मी हैदराबादच्या पत्त्यावर करून घेतलं, कारण भाड्याची खोली मिळवायला नव्या नावाचा एखादा तरी कागद हवा होता. त्याबरोबर गावच्या मतदार यादीतून नाव गेलं आणि ग्रामसभेतूनही गेलं, कारण ग्रामसभेचे सदस्य मतदार यादीतूनच ठरतात. माझ्या मायनं आयुष्यभर ज्या जंगलातून पानं तोडली त्या जंगलाच्या निर्णयात हात वर करायचा माझा हक्क असा संपला.

शेजारची राज्यं फार चांगली आहेत असं मी म्हणणार नाही. निजामाच्या राज्यात १९१९ साली आमच्या लोकांची नोंदवही ठेवणारा कायदा झाला होता. आमच्याकडे गुन्हेगार म्हणून बघणारा तो कायदा तेलंगणा उच्च न्यायालयानं रद्द केला तो २०२३ च्या जुलैत. चंद्रपूर जिल्ह्यातला आजचा राजुरा भागही तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. पण त्याच हैदराबादेत २०२४ च्या डिसेंबरात ३९ तृतीयपंथी वाहतूक पोलिसांच्या मदतनीस म्हणून चौकात उभ्या राहिल्या. मी मुद्दाम बघायला गेले होते. एका चौकात एक जण शिट्टी वाजवून बस थांबवत होती आणि बस थांबत होती.

आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला छत्तीसगडचा कांकेर जिल्हा. मधे सरहद्द म्हणजे तेच जंगल, तीच गोंडी, तेच मोहाचं झाड. छत्तीसगडने २०२२ मध्ये ‘बस्तर फायटर्स’ या पोलीस दलात नऊ तृतीयपंथी घेतले, त्यातले आठ कांकेरचे. त्याच वर्षी महाराष्ट्रात आर्या पुजारी या तृतीयपंथी उमेदवाराला पोलीस भरतीचा अर्ज भरायला संकेतस्थळावर स्त्री आणि पुरुष यांच्याशिवाय रकाना नव्हता. प्रशासकीय न्यायाधिकरणानं रकाना ठेवायला सांगितलं, तर सरकार त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेलं. शेवटी मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबरात सरकारला फटकारलं आणि फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत नियम करायला लावले. एटापल्लीच्या पलीकडच्या पोरीला वर्दी मिळते आणि अलीकडच्या पोरीला त्यासाठी तिच्याच सरकारशी कोर्टात भांडावं लागतं, हे मला आजही सहन होत नाही. फुले, शाहू, आंबेडकरांचं नाव घेणाऱ्या राज्याकडून माझी अपेक्षा जास्त होती आणि आहे. २०२४ च्या मार्चमध्ये मंत्रिमंडळानं तृतीयपंथी धोरण मंजूर केलं, त्याचं मी स्वागत केलं. ते धोरण कुरखेड्याच्या तहसीलपर्यंत पोचलेलं मला बघायचं आहे.

आपल्याच भागात मान मिळवलेल्या माणसांची नावं मी पाठ करून ठेवली आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळनं २०१७ मध्ये ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केलं. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांचा स्त्री म्हणून भरलेला उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं त्यांना स्त्री म्हणून लढू दिलं आणि गावानं त्यांना निवडून दिलं. सातपुड्यातली विजया वसावे नंदुरबार जिल्ह्यात वनरक्षक झाली. वनरक्षक! जंगलाच्या जिल्ह्यातल्या माझ्यासारखीला या एका शब्दानं किती बळ येतं, ते कसं सांगू? या तिघांनाही आपल्याच मातीत दिवसाउजेडी मान मिळाला.

माझा जिल्हा हे करू शकतो, असं मी मनापासून मानते. मुंबईपासून हजार किलोमीटरवर पडलेलं असणं म्हणजे काय, हे आमच्या लोकांना कुणी शिकवायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखानं “दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” ही घोषणा दिली आणि २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवून दाखवला. तिथे निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वांचं एकमत होईपर्यंत लोक बोलत बसतात. एकाही माणसाला मागे टाकून पुढे न जाणारी अशी रीत ज्या जिल्ह्यात आहे, तिथल्या ग्रामसभांना मी गाऱ्हाणं घालते आहे. घर सुटलेल्या पोरांची नावं विचारा. ती कुठल्या शहरात आहेत, त्यांना कुठला कागद हवा आहे, कुणाच्या पेटीत तो अडकला आहे, हे ग्रामसभेत विचारलं तर काकाला पेटी उघडावी लागेल. वास्तव्याची साक्ष गावानं दिली तर तहसीलदारालाही ती बाजूला सारणं सोपं जाणार नाही. आणि गडचिरोली, चंद्रपूर या दोन्ही जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जन्मगाव हाच आमचा पत्ता धरावा, अशी शिफारस वर पाठवावी.

माझ्या गावच्या ग्रामसभेच्या नावानं मी अर्ज लिहिला आहे. त्यात माझं आत्ताचं नाव आहे, माय-बाबांची नावं आहेत, आणि एवढंच मागितलं आहे की मी याच गावची आहे असा ठराव करून द्यावा, म्हणजे मतदार यादीत पुन्हा नाव घालायला मी अर्ज करीन आणि सणावाराला दिवसा येईन. अर्ज भावाकडे पाठवला. तो पुढच्या ग्रामसभेत स्वतः वाचून दाखवणार आहे. कोण काय आडवं बोलेल आणि त्याला काय उत्तर द्यायचं, हे काल रात्री त्यानं फोनवर माझ्याकडून समजून घेतलं, वहीत लिहून घेतलं, आणि मग मायला फोन दिला.